काट्यावर चढवलेली बोट : माजलगावच्या बॅकवॉटरमधलं एक दुरुस्ती प्रकरण

माजलगावचं धरण सिंदफणेवर आहे, पण त्याचं सगळं गणित सिंदफणेच्या पावसावर चालत नाही. पैठणच्या नाथसागरातून निघालेला १३२ किलोमीटरचा उजवा कालवा इथे येऊन संपतो. त्यामुळे पाणी कधी किती असेल हे आभाळाकडे बघून सांगता येत नाही. एखाद्या वर्षी भर उन्हाळ्यात काठोकाठ, तर एखाद्या वर्षी पोळ्यालाही तळ उघडा. पाणी मागे सरकलं की मोकळ्या जमिनीवर गाळपेर होते, आणि गेल्या महिन्यात जिथे जाळं लावलं होतं तिथे हरभरा दिसतो.

अशा पाण्यावर गावातली मच्छीमार सहकारी संस्था कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडते आणि वर्षभर मासळी काढते. साधन एकच, थर्माकोलचा तराफा आणि हातात फळी. लांबच्या टोकाची जाळी सकाळी उचलली तरी मासळी काठाला यायला दुपार होते. एप्रिल-मेच्या उन्हात तोवर ती मऊ पडते आणि व्यापारी भाव पाडतो. रात्री जाळी चोरीला जातात ते वेगळंच. तराफ्यावर बसून चोराचा पाठलाग कोण करणार? म्हणून संस्थेला इंजिनाची बोट हवी होती. नवी बोट आणि नवं इंजिन म्हटलं की आकडा लाखांत जातो, आणि सभासदांनी वर्गणी काढून जमवलेले पैसे एक लाखाच्या आत होते.

संस्थेचा सचिव माझा मामेभाऊ. मी वाळूजला फायबरच्या कामात आहे, म्हणजे टाक्या, कूलरच्या बॉड्या, मशिनची कव्हरं. त्याचा फोन आला, "दादा, भंगारवाल्याकडं एक फायबरची बोट पडलीय. तुझं कामच हाय ते. नवी कामून घ्यायची मग?"

कूलरची बॉडी आणि बोट यांत रेझिन आणि काचेच्या धाग्यांची मॅट सारखीच असली तरी एक मोठा फरक आहे. कूलर गळला तर फरशी ओली होते. हे मी त्याला फोनवरच सांगितलं. बघायला मात्र गेलो.

बोट एका बंद पडलेल्या बोटिंग केंद्राची होती. १५ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, उघडी, मध्ये दोन आडव्या बैठका. भंगारवाल्याने रेलिंग, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, स्टीअरिंगची केबल असं वितळणारं आणि विकलं जाणारं सगळं आधीच काढून घेतलं होतं. उरलेल्या सांगाड्याला त्याच्या धंद्यात किंमत नव्हती, कारण पॉलिस्टर रेझिन एकदा कडक झालं की परत वितळत नाही. लोखंड किलोवर विकता येतं, फायबर किलोवर कोणी घेत नाही. उलट ते जागा अडवतं. मराठवाड्यात जुनी बोट घेणाऱ्याला याचा फायदा आहे, समोरच्याला ती घालवायची असते. पण पैसे काढण्याआधी मी एक हातोडी, एक ड्रिल मशीन आणि चार एमएमचं बिट घेऊन तिच्याभोवती फिरलो.

हातोडी म्हणजे लहान, अर्ध्या पावशेराची. तळावर आणि बाजूंवर हात-हात अंतराने हलके ठोके मारायचे. चांगल्या फायबरचा आवाज कडक येतो. थर सुटले असतील तर तो पोकळ येतो. या बोटीचा तळ जवळपास सगळा कडक वाजला, फक्त उजव्या बाजूला पुढे ताटाएवढी जागा पोकळ. तिथे पूर्वी कुणीतरी पुट्टी भरून वर रंग मारला होता. नखाने रंग उडवला तर आत आरपार भेग. ती दुरुस्त होण्यासारखी होती. जेलकोटवर, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरावर, केसासारख्या बारीक चिरा पुष्कळ होत्या, पण त्या वरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या. पाहणारा घाबरतो तो त्यांनाच, आणि बोटीच्या ताकदीशी त्यांचा संबंध सगळ्यात कमी.

खरी गोम मागे होती. बोटीच्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. इंजिन तिथे टांगतात, आणि त्याचा सगळा जोर तीच फळी घेते. बाहेरून फायबर दिसतं, पण आत प्लायवूड असतं. तिथे हातोडी मारली तर भिजल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. मग आतल्या बाजूने ड्रिल लावलं. लाकूड चांगलं असेल तर बिटाबरोबर पिवळसर कोरडा भुसा निघतो. इथे काळा, ओला, बोटांना चिकटणारा लगदा निघाला आणि आंबूस वास आला. चार ठिकाणी भोकं पाडली, तर तीन ठिकाणी तोच लगदा. फळी गेलेली होती.

मामेभावाचा चेहरा उतरला. मला मात्र बरं वाटलं, कारण जुन्या फायबर बोटीत ट्रान्सम जाणं ही ठरलेली गोष्ट आहे. फायबर कुजत नाही, लाकूड कुजतं, आणि पाणी लाकडापर्यंत पोचतं ते माणसाने पाडलेल्या भोकांतून. इथे इंजिनाच्या बोल्टची चार भोकं आणि तळाच्या बुचाचं एक भोक नागड्या लाकडातून गेलं होतं. बोट वर्षानुवर्षं उघड्यावर सरळ पडलेली, बुचाचं भोक पाल्याने तुंबलेलं, दर पावसाळ्यात आत तळं. एवढं कारण पुरेसं आहे. ट्रान्सम नवा करता येतो, आणि तो नवाच करायचा हे ठरलं की भावात ओढाताण करायला तोंड मिळतं. बारा हजारांत सौदा झाला.

पण त्याआधी तिचं वजन केलं. या प्रकरणात एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन. छोट्या हत्तीचं रिकामं वजन कापसाच्या जिनिंगजवळच्या काट्यावर केलं, मग बोट चढवून पुन्हा केलं. फरक चारशे किलोच्या आसपास आला. काटा दहा किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेवढं धरून चालायचं. आता बोटीचं कोरडं वजन किती असावं? तळ आणि बाजू मिळून साधारण १३ चौरस मीटर, जाडी सरासरी ६ मिलिमीटर, आणि फायबरचं वजन पाण्याच्या दीडपट. म्हणजे सव्वाशे किलोच्या आत. त्यात तळाचं प्लाय, आडवे-उभे दांडे, बैठका धरल्या तरी २२० ते २४० किलोच्या वर जायला नको. मग वरचे दीडशे किलो कुठून आले? पाण्याचेच. फरशीखाली भरलेला फोम आणि कुजलेलं लाकूड यांनी मिळून दीडशे लिटर पाणी पिऊन ठेवलं होतं. म्हणजे दोन धडधाकट माणसं कायमची आत बसलेली, आणि तीही न दिसणारी. नुसती पुट्टी-रंग करून ही बोट पाण्यात सोडली असती तर ती चकचकीत दिसली असती, आणि पहिल्याच फेरीला इंजिन तिला ओढता ओढता दमलं असतं.

त्यामुळे कामाचा क्रम काट्यानेच ठरवला. फरशी पूर्ण कापायची, फोम काढायचा, बोट वाळवायची, ट्रान्सम नवा करायचा. रंगाचं शेवटी बघू. संस्थेतल्या पोरांना आधी रंगच हवा होता, दोन्ही बाजूंना ज्वाळा आणि पुढे वाघाचं तोंड. त्यांची समजूत काढण्यात गेलेला वेळ मी कामाच्या हिशोबात धरलेला नाही.

बोट गावातल्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये नेली. ग्राइंडरने फरशी कडेने कापून उचलली. खाली फोमचे चौकोन, वरून कोरडे. हातात घेऊन दाबले की मनगटावरून पाणी ओघळायचं. फोमच्या खालचे उभे दांडे मात्र बऱ्यापैकी टणक निघाले. फक्त मागचा फूटभर भाग मऊ होता, तेवढा कापला. रिकामी बोट पालथी न घालता नाक वर करून टेकवली, बुचाचं भोक खाली. एप्रिलचा मराठवाडा वाळवणीला फार उत्तम. कोकणात ज्या कामाला हिटर लावून बसावं लागतं ते इथे चाळीस अंशांचं ऊन फुकटात करतं. तरीही घाई केली नाही. फायबरवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून घाम दिसला तर अजून ओलं आहे. प्लास्टिक सलग कोरडं राहायला लागल्यावरच पुढचं काम धरलं.

तेच ऊन लॅमिनेशनला, म्हणजे मॅट-रेझिनचे थर चढवायला, मात्र वैरी. साध्या पॉलिस्टर रेझिनमध्ये कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर पिकवणारं द्रावण, आधीच मिसळलेलं असतं किंवा आपण मिसळतो, आणि ऐन वेळी हार्डनर, म्हणजे एमईकेपी, एक ते दोन टक्के घालतो. पंचवीस अंशांना जे रेझिन वीस मिनिटं हाताशी राहतं ते दहा अंश वाढले की निम्म्या वेळात घट्ट होतं. लोकांना वाटतं हार्डनर अगदी थेंबभर घातलं की झालं. पण एक टक्क्याच्या खाली गेलं की रेझिन कायमचं अर्धवट कच्चं राहतं, ते नंतर उन्हात ठेवूनही पिकत नाही. त्यापेक्षा कोबाल्ट कमी करावं, रेझिन अर्धा-अर्धा किलोच मिसळावं आणि काम पहाटे करावं. आम्ही कोंबड्याला उठायचो आणि ऊन पत्र्यावर यायच्या आत रोलर धुवायचो. एकदा एका पोराने मिसळलेला मग बोलता बोलता उन्हात ठेवला. थोड्या वेळाने मगातून धूर आणि तळाला भोक. जाड थरात रेझिनची उष्णता बाहेर पडायला जागा नसते, म्हणून मगात ते उकळतं आणि पसरून लावलेलं मात्र गार राहतं. त्या मगाने माझ्या भाषणापेक्षा जास्त शिकवलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण घरगुती काम करणाऱ्याला ती कोणी सांगत नाही. कोबाल्ट आणि एमईकेपी कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, अगदी एकाच मापानेही नाही. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसऱ्या मापाने हार्डनर. बाटल्याही शेजारी ठेवायच्या नाहीत. ग्राइंडिंगला अंगभर कपडे, आणि रेझिनच्या वासासाठी कापडी मास्क चालत नाही, कार्ट्रिजचा लागतो. मास्कसाठी लागलेले पैसे खजिनदाराला पटले नाहीत. आतून फूटभर ग्राइंडिंग त्याच्याच हातून करून घेतल्यावर पटले.

ट्रान्सम आतून उघडला. म्हणजे आतलं फायबर कापून काढलं आणि बाहेरचं तसंच ठेवलं. अशाने बोटीचा मूळ आकार हलत नाही, नवी फळी त्याच साच्यात बसते. कुजलेलं लाकूड छिन्नीने आणि खुरप्याने खरवडलं. शेतकऱ्याच्या हाताला खुरपं छिन्नीपेक्षा चांगलं चालतं हे तिथे कळलं. बाहेरच्या कातडीची आतली बाजू खरखरीत ग्राइंड केली. जुन्या पॉलिस्टरवर नवं पॉलिस्टर रसायनाने जोडलं जात नाही, ते नुसतं ओरखड्यांना धरून राहतं. म्हणून ३६ नंबरच्या डिस्कने उघडे धागे दिसेपर्यंत घासायचं, ॲसिटोनने पुसायचं आणि मग तिथे घामाचा हातही लावायचा नाही.

नवी फळी म्हणजे १८ मिलिमीटरचे दोन मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचे. दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून दुसरंच काहीतरी पुढे केलं जातं, तो शिक्का बघूनच घ्यावा. दोन्ही प्लाय आधी पातळ रेझिनने न्हाऊन काढले, कडांना दुप्पट, कारण प्लाय पाणी पितं ते कडेने. मध्ये चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचा भिजलेला थर घालून दोन्ही चिकटवले, बाहेरच्या कातडीवर दाबून बसवले, शिकंजे लावले. शिकंजे कमी पडले तेव्हा ट्रॅक्टरचा जॅक आणि एक वासा यांच्यावर भागवलं. आतून मॅट, रोव्हिंग (काचधाग्यांचं विणलेलं कापड), मॅट असे थर, आणि ते तळावर व बाजूंवर वीतभर उतरवले. कोपऱ्यात काटकोन ठेवला नाही. घट्ट रेझिनने तिथे अंगठ्याच्या जाडीची गोलाई भरली. काटकोनात मॅट नीट बसत नाही, मागे हवा राहते, आणि जोर आला की तिथेच फाटते. रेझिन आम्ही आयसोफ्थॅलिक जातीचं घेतलं. ते साध्या जीपी (जनरल पर्पज) रेझिनपेक्षा महाग, पण पाण्यात जास्त टिकतं. कूलरला जीपी ठीक आहे. जे कायम पाण्यात राहणार तिथे हा फरक वाचवायचा नाही.

बोल्टची भोकं ही सगळ्या रोगाची मुळं होती. म्हणून प्रत्येक भोक आधी दुप्पट मोठं पाडलं, त्यात इपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या, महाग जातीचं रेझिन, घट्ट करून पूर्ण भरलं आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध खऱ्या मापाचं भोक घेतलं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. बुचाच्या भोकालाही तेच. या कामाला इपॉक्सी अगदी थोडं लागतं. पूर्ण बोट इपॉक्सीने करायची आमची ऐपत नव्हती, आणि तशी गरजही नव्हती.

उजव्या बाजूची भेग त्यामानाने सरळ होती. पुट्टी काढली, कडा आतून-बाहेरून बारापट उतारावर घासल्या. म्हणजे जाडी ६ मिलिमीटर असेल तर उतार ७२ मिलिमीटरपर्यंत पसरवायचा. मग लहानापासून मोठ्यापर्यंत मॅटचे तुकडे.

फोमचा प्रश्न मात्र डोकं खाणारा होता. तयार मिळणारं दोन भागांचं ओतीव फोम महाग. थर्माकोल गावात हवा तितका, पण पॉलिस्टर रेझिन लागलं की थर्माकोल विरघळतं, पेट्रोलनेही विरघळतं. कोणीतरी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरायची कल्पना काढली. ती मी मोडून काढली, कारण एकेक झाकण कधी सुटतं ते कळत नाही. शेवटी उपाय शीतगृहाच्या पॅनेलमध्ये सापडला. दुधाच्या शीतकरण केंद्रांना आणि कोल्ड स्टोरेजला जे पफ पॅनेल लावतात त्यात बंद पेशींचं कडक पॉलियुरेथेन असतं, आणि पॅनेल बसवणाऱ्याकडे तुकडे उरतात. पत्रा सोलला की आत छान ठोकळे. एका घनफुटाला साधारण २७ किलोची उचल मिळते. आम्ही दहा घनफूट बसवलं. पण जुन्यासारखं फरशीखाली मधोमध नाही. थोडं बैठकांखाली आणि बाकी दोन्ही कडांना, वरच्या काठाजवळ. फोम खाली असेल तर पाणी भरलेली बोट उलटी होते, वर-कडेला असेल तर सरळ राहते. फरशीखालची जागा मोकळी ठेवली आणि पाणी मागच्या बुचापर्यंत वाहत जाईल अशा वाटा ठेवल्या. प्रत्येक ठोकळा प्लास्टिकमध्ये गुंडाळला.

इंजिन कोकणातून आलं. जुनं दोन-स्ट्रोक, १५ हॉर्सपॉवरचं, ४५ हजारांना. खाऱ्या पाण्यात राबलेलं, त्यामुळे बाहेरून चांगलं आणि आतून संशयास्पद. गिअरचं तेल काढलं तर ताकासारखं पांढरं. म्हणजे सील गेलेलं, पाणी शिरतंय. सील बदललं. पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर वाळून त्याच्या पाकळ्या मुडपलेल्या, ते बदललं. ही दोन कामं न करता 'चालू आहे' म्हणून घेतलेलं इंजिन पंधरवड्यात जाम होतं. कार्बोरेटर माजलगावच्या एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याने साफ केलं. त्याने आयुष्यभर लूना आणि दोन-स्ट्रोक स्कूटर उघडल्या होत्या, त्याला पुस्तक लागलं नाही. मात्र स्कूटरचं टू-टी तेल वापरायला त्याला आम्ही अडवलं. पाण्याने गार होणाऱ्या या इंजिनांना राख न धरणारं टीसी-डब्ल्यू३ तेल लागतं, पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर. इंजिनाचा गंज स्वतःवर घेणारे झिंकचे ॲनोडही काढून ॲल्युमिनियमचे लावले. झिंक खाऱ्या पाण्यात काम करतं, गोड्या पाण्यात त्यावर थर चढून ते नुसतं शोभेला राहतं.

इथे ट्रान्सम नवा असल्याचा एक जादा फायदा मिळाला. इंजिनाचा दांडा लांब जातीचा, त्याला २० इंचाचा ट्रान्सम लागतो, आणि जुना ट्रान्सम १५ इंचाला कापलेला होता. तसंच बसवलं असतं तर पंखा पाच इंच जास्त खोल गेला असता. अर्ध्या मे महिन्यात जिथे गुडघाभर पाण्यातून वाट काढायची, तिथे पाच इंच म्हणजे सगळंच. फळी आपणच करत होतो, म्हणून ती इंजिनाच्या मापाने उंच केली. त्यामुळे पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत आली. इंजिन आधी घ्यावं आणि ट्रान्सम नंतर करावा, तो यासाठी.

आता माणसं किती बसवायची? अशा लहान बोटींसाठी अमेरिकेत वापरतात तो एक सोपा हिशोब आहे. फुटांत लांबी गुणिले रुंदी भागिले पंधरा. आमचं उत्तर साडेपाच, म्हणजे पाच माणसं. किंवा दोन माणसं आणि सव्वादोनशे किलो मासळी. अध्यक्षांना हे बिलकुल मान्य नव्हतं. आमच्या तराफ्यावरसुद्धा तिघं बसतात, एवढ्या मोठ्या बोटीत दहा आरामात मावतील, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं बांधलं, कमरभर पाण्यात बोट नेली आणि पोहणारी दहा पोरं बसवली. बोट शांत तरंगत होती, काठ पाण्याच्या चांगला वर होता. अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. मग डाव्या बाजूला पाण्यात एक रिकामा जार टाकला आणि पोरांना म्हणालो, उचला. सगळी एकदम डावीकडे वाकली. काठ पाण्याखाली गेला आणि चूळ भरावी एवढ्या वेळात बोट भरली. पोरं कमरभर पाण्यात उभी राहून खिदळत होती. बोट भरली, पण बुडाली नाही, उलटलीही नाही. काठापर्यंत पाणी घेऊन ती सरळ उभी राहिली, म्हणजे कडेचा फोम आपलं काम करत होता. अध्यक्षांनी त्यावर काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी बोटीवर काळ्या रंगाने 'फक्त ५' लिहून घेतलं ते त्यांनीच.

बाकी रंग म्हणाल तर बाहेरून एकच पांढरा टॉपकोट, मेण मिसळलेला. पॉलिस्टरचा उघडा पृष्ठभाग हवेमुळे चिकट राहतो, मेण वर येऊन त्याला झाकतं. वाघाचं तोंड राहिलंच. त्याऐवजी ट्रकच्या मागे लावतात ती रेडियमची पट्टी चारी बाजूंनी लावली. रात्री बॅटरी मारली की अर्ध्या किलोमीटरवरून दिसते.

हिशोब असा पडला. बोट बारा हजार, इंजिन आणि त्याचे पार्ट मिळून पन्नासच्या आसपास, रेझिन-मॅट-प्लाय-इपॉक्सी-डिस्क तेवीस हजार, वाहतूक पाच, लाइफ जॅकेट आणि वल्ही चार. मजुरी संस्थेच्या सभासदांची, तिचा पैसा लागला नाही, आणि माझाही नाही. मजुरी धरली असती तर हे स्वस्त म्हणवलं नसतं. ज्यांच्याकडे स्वतःचे हात नाहीत किंवा फायबरचं काम येणारा पाहुणा नाही, त्यांनी आकडा दीडपट धरून मगच भंगारवाल्याकडे जावं. कुठे काटकसर करता येते आणि कुठे नाही हेही आता स्पष्ट आहे. फोम, रंग, बैठका, रेलिंग यांत वाचतं. ट्रान्सम, इंजिनाचे सील आणि लाइफ जॅकेट यांत वाचवायला जाऊ नये.

कागदपत्रांचं काम वेगळंच. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ आला आहे. त्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीची पाहणी आणि नोंदणी लागते. महाराष्ट्रात हे काम मेरिटाइम बोर्डाकडे आहे. शिवाय जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यांची परवानगी निराळी. हे सगळं होईपर्यंत इंजिन गोडाऊनमध्ये ठेवलं आणि बोट वल्ह्यांवर चालवली. एका परीने ते बरंच झालं. बोट कुठे पाझरते का, फरशी कुठे लवते का, हे धक्क्यांशिवाय बघायला मिळालं. पुढच्या बैठकीचा एक सांधा पाझरला, तो उघडून पुन्हा भरला.

पहिल्या हंगामात ट्रान्समला काही झालं नाही. त्रास झाला तो पाण्याखालच्या गोष्टींचा. पाणी उतरायला लागलं की बुडालेल्या बाभळींचे बुंधे आणि जुन्या विहिरींचे कठडे वीतभर खाली येऊन बसतात. एका बुंध्यावर पंखा आदळला आणि आतलं रबरी बुश घसरलं. इंजिन ओरडायचं, बोट जागची हलायची नाही. त्या दिवशी वल्ह्यांनी परत यावं लागलं. बुश बदलायला पंखा बाहेरगावी पाठवला, आणि तोवर मासळी पुन्हा तराफ्यावर. आता संस्थेने एक जुना पंखा हाताशी घेऊन ठेवला आहे. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली ती म्हातारी माणसं अजून सांगतात, अमक्याची विहीर इथे, तमक्याचा बांध तिथे. त्यांना एकेक करून बोटीत बसवलं आणि त्यांनी हाताने दाखवलेल्या प्रत्येक जागी दोरी, दगड आणि तेलाचा रिकामा पिवळा कॅन सोडला. दोन कॅन चोरीला गेले, ते परत लावले. पाणी आणखी उतरलं की काही खुणा कोरड्यावर पडतात, आणि बोट तिथून पुढे जात नाही.